मांजर ‘निघून गेली’ असं मुलांना सांगू नका

आई-बाबांनो, घरातली म्हातारी मांजर दिवसेंदिवस वाळत चालली की मोठ्यांच्या मनात एक वाक्य आपोआप तयार होतं. ‘मुलांना सांगू, निघून गेली कुठेतरी.’ त्यामागे मायाच असते, हे मला कळतं. परीक्षा जवळ आलेली असते, मूल मुळात हळवं असतं, त्याला रडताना बघवत नाही. तरीही हात जोडून सांगते, निदान भिवंडीजवळच्या आपल्या वडप्यात तरी हे वाक्य तोंडातून काढू नका.

वडप्यातल्या मुलाला ‘कुठेतरी’ म्हणजे कुठे, हे नेमकं ठाऊक असतं. मांजर गोडाऊनमधून आली होती, म्हणजे ती गोडाऊनलाच परत गेली असणार. मग ते शोधायला निघतं. शाळेतून येताना वाट वाकडी करतं, पत्र्याच्या शेडमागे जाऊन हाका मारतं, मागे येणाऱ्या कंटेनरच्या चाकांखाली वाकून बघतं. पलीकडे मुंबई-नाशिक महामार्ग आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि तिकडची वाहनंही आता आपल्याच उशाशी येऊन ठाणे-मुंबईकडे वळतात. रुंदीकरणाच्या कामात रस्त्याची कड आज इथे, तर उद्या तिथे. अशा गावात मुलाच्या मनात ‘शोधली तर सापडेल’ ही आशा ठेवणं धोक्याचं आहे. मांजर मेली हे कळलं तर मूल रडेल, पण शोधायला जाणार नाही.

आपल्याकडे मांजरं पाळली जातात ती दुकानातून आणून नव्हे. गोडाऊनमध्ये उंदीर खोकी कुरतडतात म्हणून मांजरं असतात. हमाल, वॉचमन, पॅकिंगला येणाऱ्या बायका त्यांना डब्यातला घास घालतात. मग एक दिवस कंपनी दुसरीकडे जाते, शटर खाली येतं आणि मांजर बंद दाराशी बसून राहते. आमची भुरी तशीच घरी आली. पिल्लू नव्हे, चांगली थोराड मांजर. तिचा एक कान फाटलेला होता आणि स्वभाव कुणाला जवळ येऊ न देणारा. पहिले काही दिवस ती कपाटाखालून बाहेरच आली नाही. पुढे माझ्या मुलाच्या अभ्यासाच्या वह्यांवर तिची जागा ठरून गेली.

मोठी मांजर दत्तक घेणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी पत्करावी लागते, ती म्हणजे तिचं वय कुणालाच माहीत नसतं. डॉक्टर दात बघतात, हिरड्या बघतात, डोळ्यांच्या भिंगावर आलेला धूसरपणा बघतात आणि अंदाज सांगतात. मांजराचं पंधरावं वर्ष म्हणजे माणसाच्या साधारण पंच्याहत्तरीच्या आसपासचं वय. तेव्हा ‘आत्ता तर आणली, एवढ्यात म्हातारी कशी झाली?’ या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहे. ती आपल्याकडे उशिरा आली. तिचं अर्धंअधिक आयुष्य आपण पाहिलेलंच नाही. हे मुलाला आधीच सांगून ठेवावं.

‘मांजर मरायच्या वेळी घर सोडून जातं’ हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात निरीक्षण खरं आहे. आजारी, अशक्त मांजर लपते, कारण अशक्तपणात कुणाच्या नजरेला पडणं तिच्या जातीला परवडत नाही. पलंगाखाली, माळ्यावर, शेजारच्या बंद घराच्या जिन्यात ती जाऊन बसते. म्हणून आपल्याला वाटतं, तिला कळलं आणि ती गेली. पण त्या लपण्यात अनेकदा नुसती वेदना असते. तिला शोधून आणा, जमिनीलगत मऊ अंथरूण द्या, पाणी आणि मातीचं घमेलं जवळ ठेवा. आणि बाहेर सोडणं बंद करा.

म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार फार आढळतो. खूप पाणी पिणं, लघवी वाढणं, पाठीचा कणा हाताला लागणं, केस रुक्ष होणं, तोंडाला वास येणं ही त्याची लक्षणं. ‘पाणी छान पितेय की’ असं समजून आपण निर्धास्त राहतो, पण तेच बघायचं असतं. लवकर दाखवलं तर आहार बदलून, कातडीखाली सलाइन देऊन तिचे दिवस बरे जाऊ शकतात. सुकट, सुका बोंबील तिला कितीही आवडत असले तरी मिठामुळे टाळावेत, ताजा मासा बिनमिठाचा उकडून द्यावा. मांजरानं दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतावर चरबी साचून आजार आणखी चिघळतो, म्हणून ‘बघू रविवारी’ असं म्हणत थांबू नये.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, मुलांनाही. तापाची, अंगदुखीची आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी असते. तिचं शरीर ते औषध पचवू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. एखादी गोळीही पुरते. कळवळ्यापोटी एखादं मूल दुधात गोळी विरघळवून देईल, म्हणून कपाटाला कडी हवी.

डॉक्टर जवळ नसतात ही आपली अडचण खरी आहे. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बराच वेळ गाई-म्हशींत जातो. भिवंडी, कल्याण, ठाणे इथे लहान प्राण्यांचे दवाखाने आहेत. अवघड दुखणं असेल तर परळला जावं लागतं. तिथं १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं जुनं रुग्णालयही. पण अगदी शेवटच्या दिवसांतल्या मांजराला वडप्याहून परळपर्यंतच्या वाहतुकीत न्यायचं का, हे डॉक्टरांना फोनवर विचारूनच ठरवा. प्रवासानं काही साधणार नसेल तर घरची चटई बरी.

थांबायचं कधी, हा सगळ्यात जड प्रश्न. अमेरिकेतल्या पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. आमच्या घरी त्याचं सोपं रूप भिंतीवरच्या कालनिर्णयवर आलं. रोज संध्याकाळी मुलानं तारखेच्या चौकोनात खूण करायची. भुरी आपणहून जेवली, उन्हात बसली, अंग चाटलं, तर हिरवी. नुसती पडून राहिली तर लाल. हे काम मी मुद्दाम त्याच्याकडे दिलं. लहान माणसाला अशा वेळी काहीतरी करायला लागतं. शिवाय लाल चौकोन वाढत गेले ते त्याचं त्यानंच पाहिलं. मग डॉक्टरांचा शब्द त्याच्यावर आभाळासारखा कोसळला नाही.

बरेच जण दयामरणाच्या इंजेक्शनाला कचरतात. ‘मांजर मारली तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं’ हे आपल्या कानावर लहानपणापासून आहे. घरातल्या आजींना त्यावरून गप्प बसवू नका. त्या श्रद्धेचा गाभा मांजराला इजा करू नये हाच आहे. बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते त्या षष्ठीचं वाहन मांजर मानलं आहे. मुलांना राखणाऱ्या देवीजवळ मांजर बसवणाऱ्या लोकांना तडफडणाऱ्या मांजराची कणव समजते. बरं होण्याची आशा उरली नाही, श्वास घेताना ती तोंड उघडते, दुखण्यानं ओरडते, असं डॉक्टर स्वतः सांगत असतील तर ते इंजेक्शन म्हणजे उपचाराचाच शेवटचा भाग. आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. ती गाढ गुंगीत असते, थोड्या वेळात श्वास आणि हृदय थांबतं. आणि मांजर शांतपणे, वेदना न होता आपोआप जात असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं तसं जाऊ देणंही योग्यच.

मुलाला त्या वेळी जवळ ठेवायचं का? त्यालाच विचारा. हो म्हणालं तर काय दिसेल ते आधी सांगा. डोळे उघडेच राहतील. हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखं होईल, पाय किंचित हलेल, लघवी होईल. तिला ते जाणवत नसेल. हे सांगून ठेवलं नाही तर मूल ओरडतं, ‘ती जिवंत आहे!’ आणि ते दृश्य त्याच्या मनातून लवकर जात नाही. नाही म्हणालं तर आग्रह नको, मात्र नंतर एकदा शांत पडलेली मांजर बघू द्या, हात लावू द्या. अंग गार आहे, पोट हलत नाही, हे त्याच्या बोटांना कळू द्या.

शब्द साधे वापरा. ‘भुरी मेली. तिचं हृदय थांबलं. आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही, आणि ती परत येणार नाही.’ ‘झोपली’ म्हणाल तर रात्री अंथरुणात मूल डोळे मिटायला घाबरेल. ‘डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ती गेली’ एवढंच सांगाल तर पुढच्या लशीच्या वेळी ते टेबलाखाली लपेल. त्याला सांगा की हे औषध वेगळं होतं, ते फक्त बऱ्या न होणाऱ्या जनावराला देतात, माणसांच्या दवाखान्यात तुला ते कधीच देत नाहीत. १९४८ साली हंगेरीतल्या मारिया नाज या अभ्यासिकेनं मुलांच्या मनातला मृत्यू कसा असतो ते मांडलं होतं. पाचाच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, परत येण्याजोगा. म्हणून चार वर्षांचं मूल पुरून आल्यावर तासाभरानं विचारतं, ‘भुरी कधी येणार?’ ते हट्टी नसतं, निष्ठुरही नसतं. तेच उत्तर त्याच शब्दांत पुन्हा द्या. दहा वेळा विचारलं तरी.

आपल्या घराघरात वाचली जाणारी ‘श्यामची आई’ आठवा. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात आईची लाडकी मांजर आहे, मथी. आई गेल्यावर ती अन्नाला शिवत नाही आणि आईमागोमाग जीव सोडते. गुरुजींनी तिला कुठे पळवून लावलं नाही, मुलांसमोर मरू दिलं आणि मुलांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं. मांजर माणसासाठी इतकं झुरू शकते हे ज्या मुलांना आपण वाचून दाखवतो, त्या मुलांना मांजरासाठी झुरायची मोकळीक का नको? अमेरिकेत १९७१ साली आलेल्या ज्युडिथ व्हायोर्स्ट यांच्या एका पुस्तकात बार्नी नावाची मांजर मरते आणि आई मुलाला तिच्या दहा चांगल्या गोष्टी आठवायला सांगते. मला ही कल्पना फार आवडली. आमच्याकडे आजोबा, शेजारची मुलं, दूधवाला, सगळ्यांनी भुरीची एकेक गोष्ट सांगितली. कुणी म्हणालं ती चोर होती. तेही वहीत लिहिलं.

पुरण्याचं म्हणाल तर आता जागाच अवघड झाली आहे. शेतं गेली, अंगणं सिमेंटची झाली. जमीनमालकाला विचारून, विहीर-बोअरिंगपासून दूर, निदान तीन फूट खोल खड्डा घ्या. इंजेक्शन दिलं असेल तर जास्तच खोल, कारण ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या कुत्र्याला त्याची बाधा होते. सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकची पिशवी नको. दोन-तीन तासांत शरीर ताठ होतं, तेव्हा आधीच पाय दुमडून कुशीवर ठेवा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचत असेल तर वर दगड रचा. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय २०२३ पासून आहे. पण दूर जाणं झेपत नसेल तर आपल्याच मातीत पुरण्यात काही कमीपणा नाही.

सूतक नाही, दहावा नाही, शाळेला सुट्टी नाही, म्हणून हे दुःख लहान ठरत नाही. मुलाच्या बाईंना चिठ्ठीत चार ओळी लिहून कळवा. वर्गात कुणी ‘मांजरासाठी रडतो’ म्हणून चिडवेल, तेव्हा बाईंना कारण माहीत असलेलं बरं. बाबांनी रडू आलं तर दाराआड जाऊ नये, पोरांना ते दिसू दे. आणि आठवडाभरात दुसरं पिल्लू आणू नका. गोडाऊनच्या दाराशी मांजरं पुढेही असतील. मूल आपणहून एखादीला नाव देईल तेव्हा बघता येईल.

एक प्रश्न मात्र नक्की येतो, बहुधा जेवताना, सगळ्यांसमोर. आमच्याकडेही आला. ‘आजीसुद्धा म्हातारी आहे. मग आजीपण मरणार?’ ताटावरचे हात थांबतात. ‘गप्प बस, असं बोलू नये’ असं तोंडावर येतं, ते गिळा. मी म्हणाले, ‘हो, कधीतरी. सगळेच. पण आजी आज बरी आहे, तिची तपासणी झालीय, आणि काही झालं तर आम्ही तुझ्यापासून लपवणार नाही.’ आजीनं भाकरी खाली ठेवली आणि त्याला जवळ ओढून सांगायला लागली की तिच्या माहेरी एक बोका होता, तो मेला तेव्हा तिच्या वडिलांनी तिला खांद्यावर बसवून शेतात नेलं होतं. ही गोष्ट आमच्यापैकी कुणी याआधी ऐकलेली नव्हती. मुलानं लगेच विचारलं, ‘त्याचं नाव काय होतं?’ आणि त्या दोघांचं बोलणं जेवण संपल्यावरही चालूच राहिलं.