पाण्याखालचा पहिला श्वास

भूमध्य समुद्रात, सिसिली बेटाच्या दक्षिणेला माल्टा नावाचा छोटासा देश आहे. गोझो हे त्या देशातील एक बेट. माल्टाची भाषा अरबीपासून निघाली. पण ती रोमन लिपीत लिहितात. तेथे समुद्राला 'बहर' म्हणतात. तुमच्या भूगोलातील 'बहर-ए-हिंद' आठवला ना? तोच हा शब्द!

गोझोच्या पश्चिम किनाऱ्यावर द्वेरा नावाची जागा आहे. तेथील खडक चुनखडीचा आहे. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते. त्यामुळे फार प्राचीन काळी तेथे जमिनीखाली मोठी गुहा तयार झाली. पुढे तिचे छत कोसळले आणि भलामोठा खड्डा पडला. कड्यातील सुमारे ८० मीटर लांबीच्या बोगद्यातून त्यात समुद्राचे पाणी आले. असा हा खाऱ्या पाण्याचा तलाव बनला. लोक त्याला 'आतला समुद्र' म्हणतात. काठावर गोटे पसरलेले आहेत आणि कोळ्यांच्या होड्या ठेवण्याच्या खोल्या आहेत. बाहेर लाटा उसळत असल्या, तरी कड्याच्या आडोशाने आतले पाणी पुष्कळदा शांत असते. काठाशी ते उथळही आहे.

पाणबुडीचे पहिले धडे अशाच शांत, उथळ पाण्यात घेतात. शिकणाऱ्याच्या पाठीवर टाकी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि पायांत बदकाच्या पायांसारखी रबरी पाती असतात. टाकीत ऑक्सिजन भरलेला असतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. नवशिक्याच्या टाकीत आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. ही हवा तोंडाला लागेल तेवढीच पुरवणारे यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केले. त्यापूर्वी पाणबुड्याला बहुधा वरून नळीने हवा पुरवावी लागे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पोहताना पाण्यात बुडी मारायची म्हणजे आपण श्वास रोखतो. टाकी घेऊन उतरल्यावर मात्र श्वास कधीही रोखायचा नाही. असे का?

पाण्याला वजन असते. समुद्रात दर १० मीटर खोलीला हवेच्या दाबाइतका आणखी एक दाब वाढतो. म्हणून पाण्याच्या वर फुगवलेला फुगा १० मीटर खाली नेला, तर तो निम्मा होतो. उलट, १० मीटर खाली टाकीतील हवेने फुगा भरला आणि वर आणला, तर तो दुप्पट होऊ पाहतो व फुटतो. आपली फुप्फुसे त्या फुग्यासारखीच आहेत. खाली छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून कोणी घाबरून वर धावला, तर फुप्फुस फाटू शकते. पुरुषभर खोलीवरूनही अशी इजा होते. म्हणून शिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात, "श्वास चालू ठेवा. वर येताना घाई करू नका."

कानांचेही तसेच. खाली जाताना कान दडपतात. तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारावी लागते. दुखू लागले, तर थोडे वर यावे. दुखणे सोसण्यात काही शौर्य नाही!

पाण्याखाली बोलता येत नाही. हातांच्या खुणा कराव्या लागतात. त्यांत एक गंमत आहे. आपण अंगठा वर केला, की त्याचा अर्थ 'छान' असा होतो. पाणबुड्यांत त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे. 'ठीक आहे' हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात. नवशिका खुशीने अंगठा दाखवतो आणि शिक्षक त्याला वर घेऊन जातात!

तलावातून तो बोगदा दिसतो. पलीकडे निळा उजेड चमकत असतो आणि तिकडे जावेसे वाटते. पण नवशिक्याने तेथे जायचे नसते. बोगद्यात डोक्यावर खडक असतो. काही बिघडले, तर सरळ वर येता येत नाही. वरून होड्यांचीही ये-जा चालते. शिवाय समुद्राच्या बाजूला तळ खोल खोल जातो.

बाहेरच्या बाजूला, तलावापासून जवळच, चुनखडीची एक प्रचंड कमान होती. 'निळी खिडकी' म्हणून ती जगभर प्रसिद्ध होती. ८ मार्च २०१७ रोजी वादळात ती कोसळली. तिचे अजस्र दगड आता समुद्राच्या तळाशी आहेत आणि अनुभवी पाणबुडे त्यांच्यामधून पोहतात.

स्वाध्याय

१. द्वेरा येथील तलाव कसा तयार झाला?
२. टाकी घेऊन पाण्यात उतरल्यावर श्वास का रोखू नये? फुग्याचे उदाहरण देऊन सांगा.
३. 'बहर' हा शब्द असलेली उर्दूतील दोन नावे लिहा व त्यांचा मराठीत अर्थ सांगा.