डिस्नेचे पॉइंट: विकत घ्यायचे की भाड्याने?

अमेरिकेतले आपले प्रेक्षक विचारतात, डिस्ने व्हेकेशन क्लबचे पॉइंट घ्यावेत का? आणि ते भाड्याने देऊन धंदा होईल का?

आधी माल समजून घ्या. १९९१ साली सुरू झालेल्या या क्लबात तुम्हाला दरवर्षी ठरावीक पॉइंट मिळतात, ते मोजून डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये राहायचं. आपल्या 'होम रिसॉर्ट'चं बुकिंग ११ महिने आधी होतं, इतरांचं ७ महिने आधी. करारही कायमचा नाही. ओल्ड की वेस्टचे मूळ करार २०४२ मध्ये संपतात बरं का!

खरी मेख आहे वार्षिक देखभाल खर्चात. समजा १५० पॉइंट आणि पॉइंटमागे ९ डॉलर, तर झाले १,३५०. गेलात तरी द्या, न गेलात तरी द्या. दुकानाचं भाडं कसं, गिऱ्हाईक येवो न येवो, भरावंच लागतं. त्यात पॉइंट म्हणजे भाजी! वेळेत पुढच्या वर्षात ढकलले नाहीत तर वाया. म्हणून तर मालक ते भाड्याने देतात. घेणाऱ्याला खोली थेट दरापेक्षा बहुधा स्वस्त पडते, पण बुकिंग मालकाच्या हातात, आणि रद्द केलं तर पैसे सहसा परत नाहीत. तीन-चार वर्षांतून एकदा जाणार असाल तर भाड्यानेच घ्या, हे माझं मत.

आता धंदा. पॉइंट वैयक्तिक वापरासाठी असतात. अधूनमधून भाड्याने देणं चालतं, व्यापार म्हणून सतत देणं करारात बसत नाही. बुकिंग अडकलं तर गिऱ्हाईक पैसे तुमच्याकडेच मागणार. सही करायच्या आधी ते कलम वाचा.