बोर्डोची सहल आणि लेबलाचा धडा : माल तुमचा, पण नाव कुणाचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फ्रान्समधल्या बोर्डो शहराबद्दल बोललो. वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. प्रवासवर्णन कमी आहे, धडा जास्त आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वाइन घेत नाही आणि तुम्ही घ्यावी म्हणूनही हे लिहीत नाही. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की द्राक्षासारखा नाशवंत माल पिकवणाऱ्यांनी आपल्या गावाचं नाव जगभर कसं पोचवलं, आणि त्यातलेच कितीतरी जण आज अडचणीत का आहेत.

शहर कसं आहे?

पॅरिसहून वेगवान रेल्वेने बोर्डो दोन तासांच्या थोडं पुढे. गॅरोन नदी इथे चंद्रकोरीसारखं वळण घेते, म्हणून बंदराला 'चंद्राचं बंदर' म्हणतात. 2007 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदीकाठी जुन्या दगडी इमारतींची रांग आहे. हा सगळा पैसा वाइनचा नव्हता. अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांवरची साखर, कॉफी आणि गुलामांचा व्यापार यातूनही तो आला. शहरातल्या संग्रहालयात हा इतिहास मांडलेला आहे, तो बघून या. धंद्याचा पैसा कुठून येतो हे विचारायची सवय आपल्यालाही हवी.

ट्रामच्या 'बी' मार्गाने शार्त्रों नावाच्या भागात उतरा. आपल्या मार्केट यार्डात अडत्यांचे गाळे असतात, तशी इथे वाइन व्यापाऱ्यांची कोठारं होती. आपला पहिला धडा इथलाच.

धडा 1 : पिंप विकाल की बाटली?

पूर्वी इथले बहुतेक बागायतदार वाइन पिंपातच विकायचे. एक पिंप 225 लिटरचं, म्हणजे पाऊण लिटरच्या 300 बाटल्या. व्यापारी पिंप कोठारात ठेवायचा, मुरवायचा, बाटलीत भरायचा. बागायतदाराच्या हातून माल सुटला की पुढे बाटलीत काय जातंय, त्यावर त्याचा ताबा उरत नसे.

1924 मध्ये मूतों-रॉथशिल्ड या बागेच्या तरुण मालकाने, फिलिप द रॉथशिल्ड यांनी, ठरवलं की सगळी वाइन आपण आपल्याच आवारात बाटलीत भरायची. वय तेव्हा अवघं 22. पण नुसतं ठरवून भागलं नाही. माल घरात ठेवायचा तर जागा लागणार. म्हणून 1926 मध्ये 100 मीटर लांबीचं कोठार बांधावं लागलं. लेबल फुकट मिळत नाही, हे इथे लिहून ठेवा.

आता माझी गोष्ट. नोकरी सोडून मी पहिला धंदा केला तो कोकम आगळाचा. 35 लिटरचे कॅन भरायचे आणि एकाच व्यापाऱ्याला द्यायचे. तीन हंगाम झकास गेले. चौथ्या हंगामात त्याला दुसरीकडे लिटरमागे काही रुपये स्वस्त मिळालं आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. माझ्याकडे 40 कॅन पडून. दुकानांत गेलो तर माझंच आधीचं आगळ त्याच्या लेबलखाली विकायला होतं. दुकानदार म्हणाला, "माल चांगलाय हो, पण तुमचं नाव कुणाला माहीत?" त्याचं चुकलं नव्हतं. कर्ज फेडायला दोन वर्षं गेली. बोर्डोत त्या कोठारांसमोर उभा असताना मला ते 40 कॅनच दिसत होते.

पण घाई करू नका, आधी हिशेब मांडा. आकडे उदाहरणासाठी धरू:

- कॅन 120 रुपये लिटरने दिला : 35 लिटरचे 4,200 रुपये.
- तोच माल अर्ध्या लिटरच्या 70 बाटल्यांत भरून दुकानदाराला 100 रुपयांनी दिला : 7,000 रुपये.
- बाटली, झाकण, लेबल 15 रुपये आणि भरणावळ-वाहतूक 10 रुपये, म्हणजे बाटलीमागे 25 : खर्च 1,750.
- हातात उरले 5,250. कॅनपेक्षा 1,050 जास्त.

छान वाटलं ना? आता 70 पैकी 10 बाटल्या फुटल्या, परत आल्या किंवा उधारीत बुडाल्या असं धरा. हजार रुपये गेले. उरले 4,250. सगळी मेहनत करून फायदा फक्त 50 रुपये! म्हणून पहिल्या वर्षी दहातले दोनच कॅन बाटलीत भरा, स्वतःच्या नावाने विका, बाकी आठ व्यापाऱ्याला द्या. अन्नपदार्थ असेल तर एफएसएसएआय नोंदणी आधी करा. आणि व्यापाऱ्याशी भांडू नका. बोर्डोतही व्यापारी आणि दलाल आजही आहेत, जगभर माल तेच पोचवतात. फरक इतकाच की मोठ्या बागांच्या बाटलीवर नाव बागेचं असतं.

धडा 2 : आगाऊ पैसे, पण विश्वासावर

बोर्डोत द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडतात. पुढच्या वसंतात व्यापारी आणि जाणकार येऊन पिंपातली कच्ची वाइन चाखतात. मग भाव जाहीर होतो आणि ग्राहक पैसे आधी भरतो. बाटली हातात पडते साधारण दोन वर्षांनी. माल अजून पिंपात आणि बागायतदाराकडे खेळतं भांडवल तयार!

आपल्याकडे हापूसच्या पेटीचं किंवा दिवाळीच्या फराळाचं आगाऊ बुकिंग याच जातीचं. पण यात एक मेख आहे. आधी पैसे भरणाऱ्याला भाव कमी मिळाला पाहिजे किंवा माल हमखास मिळाला पाहिजे. गेल्या काही वर्षांत बोर्डोतल्या काही वाइन बाजारात आल्यावर आगाऊ भावापेक्षा स्वस्त मिळू लागल्या. मग ग्राहक म्हणतो, मी दोन वर्षं पैसे अडकवले कशाला? विश्वास एकदा गेला की पुढच्या वर्षी कोणी आगाऊ रक्कम देत नाही.

धडा 3 : रस्त्याकडेच्या वेली

नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना 'बोर्डो मिश्रण' माहीत असेलच. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. हे नाव याच शहराचं. 1882 च्या सुमारास इथल्या बागांवर केवडा रोग पसरला होता. बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांना दिसलं की रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार आहेत, आतल्या मात्र झडल्यात. चौकशी केली तर कळलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकाने त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. चोराला घाबरवायची युक्ती रोगावर औषध निघाली! मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष जाहीर केले.

त्या रस्त्याने रोज शेकडो लोक जात असतील. थांबून "हे असं का?" विचारलं एकाने. तुमच्या दुकानात एखादी वस्तू विनाकारण जास्त खपत असेल, तर खूश होऊन गप्प बसू नका. गिऱ्हाइकाला विचारा.

धडा 4 : मोठं नावही बुडतं

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा. फ्रान्समध्ये लाल वाइन पिणं पिढीगणिक कमी होत गेलं. मोजक्या प्रसिद्ध बागा टिकून आहेत, पण स्वस्त लाल वाइन करणाऱ्या छोट्या बागायतदारांचा माल पडून राहू लागला. 2023 मध्ये बोर्डो भागातल्या सुमारे 9,500 हेक्टर बागा उपटून टाकण्यासाठी हेक्टरी 6,000 युरो मदतीची योजना जाहीर झाली. विचार करा, आजोबांनी लावलेली वेल नातवाने स्वतःच्या हाताने उपटायची!

नाव जगप्रसिद्ध असलं तरी गिऱ्हाईक बदललं की तुम्हालाही बदलावं लागतं. शहरातल्या 'सिते द्यु व्हाँ' या 2016 मध्ये उघडलेल्या वाइन संग्रहालयात फेरीच्या शेवटी आठव्या मजल्यावर एक पेला देतात. मी द्राक्षाचा रस मागितला, तोही हसतमुखाने मिळाला. न पिणारा माणूसही तिकीट काढून आला होता, आणि त्याची सोय त्यांनी करून ठेवली होती.

जाणार असाल तर

बागा बघायच्या तर आधी वेळ ठरवून जा. ऐन खुडणीच्या दिवसांत अनेक जण पाहुणे घेत नाहीत. जवळचं सेंट-एमिलियाँ गाव रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आणि कॅनेले नावाचा छोटा केक खा, पण त्यात रम असते, हे लक्षात ठेवा. वाइन गाळायला अंड्याचा पांढरा बलक वापरत, उरलेल्या पिवळ्या बलकातून हा केक आला असं सांगतात. तुमच्या धंद्यात रोज काय उरतं, हेही बघा.

गृहपाठ

1. तुमच्या एकूण विक्रीतला किती भाग एकाच गिऱ्हाइकाकडे जातो? निम्म्याहून जास्त असेल तर लाल पेनाने लिहा.
2. वरच्यासारखा कॅन आणि बाटलीचा हिशेब स्वतःच्या मालाचा मांडा. नुकसानीची ओळ विसरू नका.
3. या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांना विचारा : "हे बंद केलं तर तुम्ही काय घ्याल?"

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू निघालं तरी लिहा. मी तो प्रश्न चौथ्या हंगामाच्या आधी विचारला असता, तर ते 40 कॅन पडून राहिले नसते.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर हिशेब चोख ठेवा.