उन्हाचा घाव आणि पेशींची डागडुजी

दुपारच्या सुटींत मैदानावर धांवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल कीं, त्याच वेळीं त्यांच्या कातडीच्या पेशींत मोडतोड व डागडुजी दोन्ही चाललेलीं असतात. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डीएनए हा दुपदरी धागा असतो. शरीराची घडण त्यावर चार रासायनिक अक्षरांनीं लिहिलेली असते. उन्हांतील अतिनील किरणांमुळें एकाच पदरावरील शेजारचीं दोन अक्षरें परस्परांस चिकटतात आणि धागा तेथें वांकतो.

मग दुरुस्तीचीं प्रथिनें तेथें जमतात व दोहों बाजूंस छेद देऊन सुमारें ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकतात. गेलेलीं अक्षरें कळावयाचीं कशीं? समोरचा पदर शाबूत असतो! ए समोर टी, जी समोर सी, या नियमानें त्यावरून तुकडा पुन्हा लिहिला जातो. (वर्गांत मात्र शेजाऱ्याच्या वहींतून उतरविणें आम्हांस मान्य नाहीं.) ही रीत उलगडणारे अझीझ सॅन्कार हे २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होत.

कांहीं मुलांत मात्र ही डागडुजी जन्मतःच अपुरी असते. झेरोडर्मा पिग्मेंटोझम या विकारांत असेंच घडतें, हें जेम्स क्लीव्हर यांनीं १९६८ सालीं दाखविलें. आईबाप बहुधा निरोगी असतात. दोघांकडून एकेक सदोष प्रत आली म्हणजे मूल आजारी होतें. थोड्या उन्हानेंही त्याची कातडी भाजते, बालपणींच त्वचेचा कर्करोग होऊं शकतो. म्हणून खिडक्यांस किरण अडविणारे पडदे लावून त्यास जपावें लागतें. आणि कित्येक घरीं त्याचा अंगणांतील खेळ दिवेलागणीनंतरच सुरू होतो.