गोठा, विहीर आणि बाळाची बाटली

"डॉक्टर, पाणी चांगले वीस मिनिटे उकळते. मग बाळाला चालेल ना?" बाटलीने दूध पाजणाऱ्या आया हे विचारतात तेव्हा मी उलट विचारतो, पाणी कुठले? विहिरीचे असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: गोठा विहिरीपासून किती पावलांवर?

गोव्यातल्या पेडणे, डिचोलीच्या वाड्यांवर घर, गोठा, शेणाचा ढीग आणि विहीर बहुतेक एकाच परसात असतात. नळाला पाणी आले नाही की विहीर आहेच. उकळल्याने त्या पाण्यातले जंतू मरतात, यात शंका नाही. पण पाण्यात नायट्रेट असेल तर ते वाफेबरोबर उडून जात नाही. पेज आटली की खारट लागते ना, तसेच. पाणी कमी होते, नायट्रेट तेवढेच राहते. म्हणजे जास्त काळजी घेणारी आईच बाळाला जास्त नायट्रेट पाजते.

हे नायट्रेट येते कुठून? मोठी गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते, मूत वेगळे. त्यातल्या नत्राचे मातीतले जीवाणू नायट्रेट करतात. पीक उभे असेल तर मुळे ते ओढून घेतात आणि खत कारणी लागते. पण उघड्या ढिगाखाली मुळे नसतात. माती नायट्रेटला धरून ठेवत नाही, आणि आपला जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. मिरगाचा पाऊस ढिगावर कोसळला की ते झिरपत विहिरीची वाट धरते. संडासाच्या शोषखड्ड्याचेही तेच, उगाच सगळा दोष गाईच्या माथी नको.

डिचोलीकरांना खाणींमुळे गढूळ, लाल पाणी चटकन ओळखता येते. नायट्रेटला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखे दिसते. देशात राजस्थान, कर्नाटक, तामिळनाडूत हा प्रश्न मोठा आहे, त्या मानाने गोवा बरा. पण राज्याची सरासरी तुमच्या परसातल्या विहिरीबद्दल काही सांगत नाही.

सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. त्याच्या पोटात आम्ल कमी असल्याने तिथले जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. ते रक्तात शिरले की हिमोग्लोबिन प्राणवायू पोचवेनासे होते आणि बाळ निळे पडते. अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरांनी 1945 मध्ये विहिरीच्या पाण्यावर वाढलेली अशी निळी पडलेली बाळे नोंदवली, तेव्हा हे जगासमोर आले. ओठ, नखे निळसर-राखी दिसू लागली, बाळ मलूल झाले, दूध ओढेनासे झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा आणि विहिरीचे पाणी वापरत होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. रोग वेळीच ओळखला तर त्यावर औषध आहे. जुलाब चालू असलेल्या बाळात हे लवकर बिघडते.

आईचे दूध पिणारे बाळ या बाबतीत सुरक्षित असते, कारण आईने प्यालेल्या पाण्यातले नायट्रेट दुधात फारसे उतरत नाही. तेव्हा पहिले सहा महिने अंगावरचेच दूध द्या, वरचे पाणी, घुटी काही नको. बाटली द्यावीच लागली तर लक्षात ठेवा: तुरटी, ब्लीचिंग पावडर, कँडलचा फिल्टर, यूव्हीचे यंत्र, यांपैकी काहीही नायट्रेट काढत नाही. आरओ काढतो, पण त्याची जाळी वेळेवर बदलली तरच.

म्हणून पाणी तपासा. एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर, एकदा चतुर्थी झाल्यावर. स्वच्छ बाटलीत भरून थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. रिपोर्ट वाचताना एक फसगत होते. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट नायट्रोजन' असा आकडा देतात, त्याची मर्यादा साधारण 10. तिथे 12 दिसले म्हणून निश्चिंत झालात तर चुकलात, ते नायट्रेटचे 53 होते.

आणि गोठा? गाई काढून टाका असे मी कोणालाही सांगणार नाही, दुधावर संसार चालतात. गोठ्याची जमीन सिमेंटची करा, उतार विहिरीच्या उलट बाजूला ठेवा, मूत नालीने पक्क्या टाकीत घ्या. शेणाच्या ढिगावर पावसाआधी छप्पर घाला, निदान ताडपत्री तरी. गोबर गॅस असेल तर उत्तम, पण त्याच्या मळीतही नत्र तेवढेच राहते. ती भर पावसात एकदम ओतू नका, पीक उभे असताना थोडी थोडी द्या. ढीग आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट तरी लांब, आणि चढावर तर मुळीच नको. जुना ढीग हलवला तरी खालच्या मातीत मुरलेले नायट्रेट पुढचे काही पावसाळे झिरपत राहते, तेव्हा लगेचच्या रिपोर्टवर नाराज होऊ नका.

तोवर बाटलीचे दूध नळाच्या पाण्यात करा. नळ कोरडा असेल त्या दिवसासाठी चार लिटर झाकून भरून ठेवा.