रात्रीच्या पाण्यावर कुटुंबासह जाताना : कयाकिंग सहलीआधी काय विचारावे, काय तपासावे

उन्हाळ्याची सुट्टी आणि पौर्णिमा जवळ आली की मोबाईलवर सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. पुण्याहून पौडमार्गे मुळशीला जायचे, धरणाकाठी तंबूत मुक्काम करायचा, चांदण्यात कयाक वल्हवायची आणि जेवण करून सकाळी परत यायचे. सोबत गाईड असतो आणि पोहता येत नसले तरी चालते, असे त्यात लिहिलेले असते. आपल्या वस्त्यांतील, सोसायट्यांतील तरुण मंडळी आता अशा सहली आखतात आणि आईवडिलांना, लहान भावंडांनाही सोबत नेतात. कुटुंबाने एकत्र मोकळ्या हवेत जावे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र एक सूत्र आधी मनात पक्के करावे : दिवसा पाण्यात झालेली चूक कोणाच्या तरी नजरेस पडते, रात्री ती पडत नाही. म्हणून रात्रीच्या सहलीची सगळी सुरक्षितता कयाकमध्ये बसण्याआधी, काठावरच ठरलेली असली पाहिजे.

रात्री नेमके काय बदलते?

अंधाराला डोळे पुरते सरावायला साधारण २० ते ३० मिनिटे लागतात. मध्येच कोणी मोबाईलचा फ्लॅश मारला की हा सराव मोडतो आणि काही वेळ समोरचे दिसेनासे होते. म्हणून जाणते गाईड डोक्यावरच्या टॉर्चला लाल प्रकाश वापरतात. चांदणे असले तरी अंतराचा अंदाज चुकतो. जवळ वाटणारा काठ प्रत्यक्षात बराच लांब असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कशी मारणार? लहान मूल तर मिनिटभरात, काही आवाज न करता पाण्याखाली जाऊ शकते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. दिवसा हा वेळ शोधायला आणि बाहेर काढायला कसाबसा पुरतो. रात्री तो नुसते ‘कोण कमी आहे’ हे मोजण्यातच निघून जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ या वर्षात जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती.

वाऱ्याला कमी लेखू नका

२१ मे २०२४ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेच्या दोनच दिवस आधी, सायंकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला, त्यांत दोन लहान मुले होती. उजनी आणि मुळशी ही वेगवेगळी ठिकाणे आहेत आणि ती बोट कयाक नव्हती. तरी धडा एकच आहे. वैशाखात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि शांत दिसणाऱ्या धरणावर काही मिनिटांत लाटा उठतात. दिवसा येणारे ढग दिसतात, रात्री मात्र वारा अंगावर आल्यावरच कळतो.

म्हणून निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा पाहावा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घ्यावे. गडगडाट ऐकू आला, तर पाण्यात उतरू नये. शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा विचारही करू नये.

मुळशीचे पाणी

मुळा नदीवरचे हे धरण टाटांच्या वीजनिर्मितीसाठी शंभर वर्षांपूर्वी बांधले गेले. त्याविरुद्ध १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची शेते, बांध आणि घरे या पाण्याखाली गेली. इथले पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहाकडे नेले जाते. त्यामुळे पातळी कमी-जास्त होत राहते. गेल्या महिन्यात जिथे खोल पाणी होते तिथे आज दगड किंवा झाडाचा बुंधा पाण्याच्या जेमतेम खाली असू शकतो. पाणी ओसरलेल्या काठावर गाळ असतो, त्यात पाय रुततो. म्हणून त्याच आठवड्यात दिवसा ती वाट पाहिलेला स्थानिक गाईड हवा.

पावसाळ्यात तर हा विषयच नको. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने मुळशीसह अनेक तालुक्यांतील पर्यटनस्थळांवर मनाई आदेश लागू केले. असे आदेश आहेत का, हे दरवर्षी निघण्याआधी विचारून घ्यावे.

कोणी जाऊ नये?

‘सगळे जाताहेत, मीच का मागे राहू’ असे वाटणे साहजिक आहे. पण पुढील व्यक्तींनी काठावर थांबावे :

१) फिट किंवा आकडी येण्याचा त्रास असणारे. औषध चालू असले तरीही.
२) सिकलसेलचे रुग्ण. थंडी, ओले कपडे, दमणूक आणि कमी पाणी पिणे यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. विदर्भातून पुण्यात स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे, त्यामुळे विशेष लक्ष द्यावे.
३) गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले.
४) रात्री कमी दिसणारे : मोतीबिंदू, रातांधळेपणा किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले.
५) ज्याला सूचना समजून लगेच पाळता येत नाही इतके लहान मूल.
६) दारू प्यायलेली कोणतीही व्यक्ती. दारूने ऊब वाटते, पण प्रत्यक्षात शरीर लवकर गार पडते आणि तोलही जातो. सर्दीचे गुंगी आणणारे औषध घेतलेल्यांनीही थांबावे.

दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच जावे आणि पंप जलरोधक पिशवीत जवळ ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी खाऊन घ्यावे व साखर सोबत ठेवावी.

लाईफ जॅकेट : असणे वेगळे, बसणे वेगळे

मोठ्यांचे जॅकेट मुलाला घातले, तर पाण्यात जॅकेट वर राहते आणि मूल खाली निसटते. म्हणून तपासणी अशी करा. जॅकेटवर लिहिलेले वजन आणि मुलाचे वजन जुळते का ते पाहा. सगळे पट्टे आवळा. मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकले, तर ते जॅकेट त्या मुलाचे नाही. लहान मुलांना दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. प्रत्येक जॅकेटला शिट्टी आणि पाठीमागे दिवा किंवा चमकती कांडी असावी.

साडी, ओढणी, जीन्स आणि जड बूट नकोत. मुलाला कयाकला किंवा स्वतःला ओढणीने बांधणे अत्यंत धोक्याचे आहे. कयाक उलटली तर ती गाठ सुटत नाही. एका मोठ्या माणसाबरोबर एकच मूल बसवावे, कारण पाण्यात पडल्यावर एका हाताने कयाक आणि दुसऱ्याने एकालाच धरता येते.

आयोजकाला विचारा

महाराष्ट्र शासनाचे साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार पाण्यावरील साहसी उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. म्हणून पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा :

१) नोंदणीचे पत्र दाखवाल का? त्यात कयाकिंग आहे का, आणि रात्री पाण्यात उतरण्याची परवानगी आहे का?
२) जलाशयात उतरण्याची परवानगी कोणाची घेतली आहे?
३) गाईड किती? एक पुढे आणि एक सर्वांत मागे असतो का? त्यांनी जीवरक्षक व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का?
४) सोबत बचावासाठी वेगळी बोट व दोर आहे का?
५) उतरताना आणि परतताना माणसे मोजता का? यादी काठावर कोणाकडे असते?
६) मोबाईलला रेंज कुठे मिळते? रात्री गाडी आणि चालक तयार असतो का? जवळचे रुग्णालय कोणते?
७) हवा बिघडली तर सहल रद्द करून पैसे परत देता का?

शेवटचा प्रश्न पैशांचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे. पैसे बुडणार असतील तर आयोजकही आणि आपणही ‘बघू, जाऊन येऊ’ म्हणतो. प्रश्न विचारल्यावर कोणी हसले किंवा ‘आजवर काही झाले नाही’ असे म्हणाले, तर ते उत्तर नव्हे. आपण अडाणी दिसू, या संकोचाने गप्प बसू नये. प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे आणि नाही म्हणून परत फिरणे हाही.

कयाक उलटली तर

पोहत काठ गाठायचा प्रयत्न करू नका. कयाक सहसा तरंगत राहते, तिला धरून राहा. तोंड वर ठेवा, पहिला मिनिटभर श्वास शांत करा, मग शिट्टी तीनदा वाजवा. गुडघे पोटाशी घ्या, म्हणजे उष्णता टिकते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते आणि मुले मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. दोघे-तिघे असाल तर मुलाला मध्ये घेऊन एकमेकांना चिकटा.

काठावर असणाऱ्याने भावनेच्या भरात उडी मारू नये. बुडणारा घट्ट मिठी मारतो आणि दोघेही जातात. दोर, बांबू, साडी, गाडीची ट्यूब, रिकामा कॅन यांपैकी जे हाताशी असेल ते फेका.

प्रथमोपचार आणि गैरसमज

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा अंगावर मीठ पसरून ठेवणे यांनी माणूस वाचत नाही, उलट मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करावी. व्यक्तीला उताणे झोपवून डोके किंचित मागे घ्या, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब द्या आणि पुन्हा दोन श्वास. मोठ्यांची छाती सुमारे पाच सेंटीमीटर, मुलांची जाडीच्या एक तृतीयांश दबली पाहिजे. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा श्वास परत येईपर्यंत थांबू नका.

जी व्यक्ती पाण्याखाली गेली आणि नंतर खोकते आहे, धापा टाकते आहे किंवा सुस्त झाली आहे, तिला ‘आता बरी आहे’ म्हणून तंबूत झोपवू नका. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून त्याच रात्री रुग्णालयात न्या. गारठलेल्याचे ओले कपडे काढा, कोरड्या चादरीत गुंडाळा आणि पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड गरम चहा द्या.

हा लेख महिला मंडळाच्या किंवा युवक मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवावा. छातीवर दाब देण्याचा सराव जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलावून सर्वांनी एकदा करावा. जमेल त्यांनी मुलांना महापालिकेच्या तलावावर पोहायला शिकवावे. आणि रात्रीच्या सहलीबद्दल थोडीही शंका राहिली, तर चांदणे काठावर बसून पाहावे आणि कयाक सकाळी उजेडात वल्हवावी.