महिन्याचं बिल आणि खात्याची मालकी

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत, दुकानांत, तळघरांत पाणी शिरलं. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचा सर्व्हर टेबलाखाली होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच्याच शेजारी. दोन्ही एकाच पाण्यात गेले. भिजलेल्या मालाची भरपाई त्यांनी मागितली. बुडालेल्या उधारीच्या नोंदी कोणाकडे मागणार?

त्या पुरानंतर मला फोन येऊ लागले, ‘भाऊ, आपलंही क्लाउडवर टाकून घेऊ का?’ मी आजही ‘टाका’ असंच सांगतो. पण त्यासोबत आमच्या फर्मचा अनुभवही सांगतो, कारण पुरवठादार तो भाग सांगत नाहीत.

मी नागपुरातल्या एका वितरक फर्मचं संगणकाचं काम पाहतो. आमचं गोदाम हिंगणा एमआयडीसीत आहे. पूर्वी सर्व्हर ऑफिसातच होता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि त्या खोलीतला एसी बसला, की बिलिंग थांबलंच. यूपीएसच्या बॅटऱ्या, एसीची दुरुस्ती, वीज हे सगळे खर्च वेगवेगळ्या खात्यांत जात. सर्व्हर खरंच कितीला पडतो, याची बेरीज कोणी कधी केलीच नव्हती. त्यामुळे पुरवठादार ‘खर्च निम्म्यावर येईल’ म्हणाला, तेव्हा निम्मा म्हणजे कशाचा निम्मा, हे ताडून पाहायला आमच्याकडे आकडाच नव्हता.

क्लाउडवर गेल्यावर सुरुवातीचं बिल कमी आलं, मग महिन्यागणिक चढत गेलं. शोध घेतला तेव्हा कारणं साधी निघाली. पुरवठादाराने आमचा जुना सर्व्हर होता तसाच, त्याच मापाचा तिकडे उभा केला होता. यंत्र विकत घेताना आपण पुढच्या पाच वर्षांची वाढ धरून मोठं घेतो, आणि ते शहाणपणाचंच असतं. भाड्याच्या यंत्रात मात्र न वापरलेल्या त्या वाढीचे पैसे दर महिन्याला मोजावे लागतात. नव्या सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी चालू केलेलं दुसरं यंत्र चाचणी संपल्यावरही रात्रंदिवस चालूच होतं. जुन्या बॅकअपच्या प्रती एकावर एक साचत होत्या. शिवाय माहिती क्लाउडवर चढवायला सहसा पैसे पडत नाहीत, पण तिथून बाहेर काढायला पडतात. आमची शाखा रोज सकाळी मालाच्या फोटोंसकट सगळी यादी उतरवून घेत होती.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पूर्वी खर्चाला दार होतं. तीन कोटेशन, मालकांची सही, मग खरेदी. क्लाउडमध्ये ज्याच्याकडे लॉगिन आहे तो रात्री अकराला नवं यंत्र चालू करू शकतो. खर्च आधी होऊन जातो आणि कागद नंतर येतो. म्हणून आयटीचा खर्च आता अकाउंट्स विभागानेही दर आठवड्याला पाहायला हवा. आमच्याकडे आता प्रत्येक यंत्रावर जबाबदार माणसाचं नाव लावलेलं असतं. नाव नसलेलं यंत्र बंद होतं. ठरलेल्या रकमेजवळ खर्च पोचला, की मालकांना आपोआप मेल जातो. चाचणीची यंत्रं ऑफिसच्या वेळेपुरतीच चालतात. हिशेब करून पाहा. दिवसाला दहा तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे साठ तास. आठवड्याचे तास असतात १६८. उरलेल्या १०८ तासांत कोणी त्या यंत्राकडे फिरकतही नाही.

एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर दर बराच उतरतो. पण निदान सहा महिन्यांचा खरा वापर पाहिल्याशिवाय असा करार करू नका, नाहीतर चुकीच्याच मापाला तीन वर्षं बांधले जाल.

सीए साहेबांना आधी बसवा, ही माझी कळकळीची विनंती. विकत घेतलेल्या संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. क्लाउडचं भाडं त्याच वर्षीचा खर्च म्हणून धरलं जातं. त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट नोंदणीकृत धंद्याला मिळतं, पण बिल परदेशी कंपनीकडून आलं तर रिव्हर्स चार्ज लागतो, म्हणजे तो कर आपणच भरायचा असतो, आणि डॉलर वर गेला की रक्कमही वर जाते. बिल कोणत्या कंपनीचं, कोणत्या चलनात, हे लेखी घ्या. यंत्र कुठे आहे हेही विचारा. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५पासून पुणे, मुंबई, चेन्नईत आहेत, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६पासून. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम २०२२पासून लागू आहे.

सगळ्यांत जास्त मनस्ताप झाला तो मात्र पैशांमुळे नव्हे. पुरवठादार बदलायचं ठरलं, तेव्हा कळलं की क्लाउडचं मुख्य खातं त्याच्याच ई-मेलवर उघडलेलं आहे. माहिती आमची, पैसे आमचे आणि किल्ली त्याच्याकडे. ते खातं हाती येईपर्यंत कित्येक आठवडे आमच्या ऑफिसात कोणाला धड झोप नव्हती. नागपूरच्या इतवारी बाजारात ‘टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) क्लाउडवर’ म्हणून जे विकलं जातं, त्यात हा धोका विशेष तपासा.

खातं आपल्या नावावर असलं तरी एक प्रत बाहेर हवीच. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या ई-मेलसारख्या सेवा थांबवल्या. पूर्ण पैसे भरलेल्या परवान्यांवरच्या सेवा थांबवल्याचं सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि मग त्या सेवा पुन्हा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ आली. त्याच खात्यात ठेवलेला बॅकअप म्हणजे त्या दुकानदाराची टेबलाखालचीच डिस्क. दर तिमाहीला बाहेरची प्रत प्रत्यक्ष उघडून, एखादं जुनं बिल छापून पाहा.

आणि आजच आपल्या पुरवठादाराला फोन करून विचारा, मुख्य खातं कोणाच्या ई-मेलवर आहे? उत्तर ‘आमच्या’ असं आलं, तर पुढचं बिल भरण्याआधी ते आपल्या फर्मच्या नावावर करून घ्या.